बिनतारी सूत्रधार

कळसूत्री बाहुल्यांचा खेळ ज्यांनीं पाहिला असेल त्यांस एक गोष्ट ठाऊक असते, कीं बाहुली कितीही डौलानें नाचली तरी तिचें सर्व शहाणपण पडद्यामागील माणसाच्या बोटांत असतें. सूत्र तुटलें कीं ती जेथल्या तेथें कोसळते आणि प्रेक्षक हंसतात. नाटक चालविणाऱ्यास आपल्याकडे सूत्रधार म्हणूं लागले तें याच खेळावरून, असा तर्क कित्येक पंडितांनीं केला आहे. प्रस्तुत लेखांतली बाहुली मात्र आकाशांत उडणारी आहे. तिचीं सूत्रें डोळ्यांना दिसत नाहींत, आणि तीं तुटलीं असतां ती कोठें व कोणावर पडेल याचा नेम नसतो. बिनतारी यंत्राच्या आज्ञेंत वागणारें लहान विमान ही ती बाहुली होय. आणि तें चालविणाऱ्याच्या हातांत जी पेटी असते, जिला ट्रान्समीटर म्हणतात, तिचा इतिहास आम्ही येथें थोडक्यांत सांगणार आहों.

हा विषय पोरखेळाचा आहे अशी पूर्वीं आमचीही समजूत होती. ती एका रविवारीं सकाळीं नाहींशी झाली. आमच्या भाच्यानें सहा महिने खपून दोन विमानें तयार केलीं होतीं, व दोन्हीं एकाच पेटीवर चालत असत. प्रत्येकाच्या स्वभावाप्रमाणें पेटींत एकेक निराळी नोंद करून ठेवलेली होती. त्या दिवशीं गांवाबाहेरच्या माळावर नेलें एक विमान, आणि पेटींत निवडलेली राहिली दुसऱ्याची नोंद. दुसऱ्या विमानाच्या पंखांच्या पट्ट्या उलट बसविलेल्या असल्यामुळें त्या नोंदींत त्यांची दिशाही उलट लिहिलेली होती. विमानानें जमीन सोडली, तें जरा डावीकडे कललें. भाच्यानें तें सांवरण्यासाठीं कांडी उजवीकडे लोटली, तों तें आणखी डावीकडे वळलें. तो घाबरून अधिक लोटूं लागला, तें अधिक कलूं लागलें. चार-पांच सेकंदांत सर्व आटोपलें. जेथें तें नाक खुपसून पडलें तेथून वीस पावलांवर एक बाई शेळ्या चारीत होती. ती धांवत आली, मोडक्या सांगाड्याकडे पाहूं लागली, आणि तिनें एवढेंच विचारलें, “आत मानूस न्हवतं ना?”

नव्हतें, असें आम्हीं सांगितलें, तेव्हां तिचा जीव भांड्यांत पडला. आमचा मात्र पडला नाहीं. आंत माणूस नव्हता हें खरें. पण मग आंत काय होतें, आणि जें असावयास पाहिजे होतें तें कोठें राहून गेलें होतें, हा प्रश्न मनांतून जाईना. त्याचें उत्तर शोधतां शोधतां जो इतिहास हातीं लागला तो वाचकांसही मनोरंजक वाटेल अशी आशा आहे.

तारेवांचून दूरच्या वस्तूला हुकूम सोडण्याच्या कल्पनेचा आरंभ शोधूं गेल्यास आपल्या देशाचें नांव प्रथमच येतें. १८९५ सालीं कलकत्त्यास जगदीशचंद्र बोस यांनीं विद्युत्-लहरींच्या योगें, मधल्या भिंती ओलांडून, दूर ठेवलेली घंटा वाजवून व बंदुकीची दारू पेटवून दाखविली. मात्र घंटा वाजली कीं तिचें काम संपलें. एकामागून एक निरनिराळ्या आज्ञा देऊन एखादी वस्तु वाटेल तशी फिरविणें ही त्यापुढची पायरी होय. आणि ती १८९८ सालीं निकोला टेस्ला यानें गांठली. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्यें त्यानें पाण्याच्या हौदांत एक लहानशी लोखंडी होडी सोडली आणि हातांतल्या पेटीनें तिचें सुकाणूं फिरविलें, तिचे दिवे लावले व मालविले. त्याच वर्षाच्या ८ नोव्हेंबर रोजीं त्याला या युक्तीचें अमेरिकन पेटंट मिळालें. प्रेक्षकांत कोणी जादू म्हणालें, कोणी आंत शिकविलेलें माकड दडविलें आहे अशी शंका घेतली, असें सांगतात. टेस्लालाही थोडी गंमत करण्याचा मोह आवरला नाहीं. कोणी ६४ चें घनमूळ विचारावें आणि होडीवरच्या दिव्यानें चार वेळां लुकलुकावें, असा प्रकार तो करून दाखवी.

या गमतीपेक्षां महत्त्वाची होती ती टेस्लाची त्यामागची दृष्टि. आपल्या होडीला स्वतःचें मन नाहीं, ती चालविणाऱ्याचें मन उसनें घेते, असें तो मानी. आणि यंत्राला त्याचें स्वतःचें मन देतां येण्याचाही दिवस पुढें येईल असें त्याचें भाकित होतें. ‘उसनें मन’ ही कल्पना वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढचा सर्व इतिहास म्हणजे हें उसनें कसें, किती व केव्हां द्यावयाचें याचाच हिशेब आहे.

विमान युगानें या कल्पनेला आकाशांत नेलें. इंग्लंडांत १९३५ सालीं ‘क्वीन बी’ नांवाचें, टायगर मॉथच्या घराण्यांतलें, वैमानिकावांचून उडणारें विमान तयार झालें. तोफखान्याच्या माणसांस नेम धरण्याचा सराव व्हावा म्हणून तें उडवीत, आणि टेलिफोनवर असते तसली फिरती तबकडी फिरवून त्यास आज्ञा देत. या राणीमाशीवरूनच पुढें वैमानिकरहित विमानांस ‘ड्रोन’, म्हणजे नरमाशी, हें नांव पडलें असें म्हणतात. अमेरिकेंत रेजिनाल्ड डेनी नांवाच्या नटास लहान विमानांचा छंद जडला. त्यानें हॉलिवुडांत तसल्या विमानांचें दुकान काढलें, आणि त्या छंदांतूनच युद्धकाळांत सैन्याच्या नेमबाजीसाठीं हजारों बिनतारी विमानें बनविणारा कारखाना उभा राहिला. तेथें काम करणाऱ्या एका तरुण मुलीचीं छायाचित्रें युद्धाच्या अखेरीस एका सैनिकी छायाचित्रकारानें काढलीं. तीच मुलगी पुढें मॅरिलिन मन्रो या नांवानें जगास माहीत झाली.

परंतु ज्यास खरा छंद म्हणतां येईल त्याची पहिली थोर हकीकत मिशिगन संस्थानांतल्या कॅलामझू गांवची आहे. तेथील वॉल्टर व विल्यम गुड या जुळ्या भावांनीं १९३७ सालीं आठ फूट पंखांचें एक विमान बिनतारी आज्ञेनें उडविलें. त्याचें नांव त्यांनीं ‘गफ’ ठेविलें होतें. तें मूळ विमान आज अमेरिकेच्या राष्ट्रीय वैमानिक संग्रहालयांत जतन करून ठेविलें आहे. त्या काळीं बिनतारी यंत्र म्हणजे कांचेचे व्हॉल्व्ह व जड बॅटऱ्या. तें सर्व ओझें वाहून नेण्यासाठीं विमानास मोठा देह धारण करावा लागे.

त्या दिवसांतल्या आणि पुढेंही वीस-पंचवीस वर्षें चाललेल्या साध्या संचाची रीत आज ऐकूनही आश्चर्य वाटतें. पेटीवर बटण एकच. विमानाच्या पोटांत रबराची पिळलेली दोरी, आणि तिच्या जोरानें फिरणारें चार थांब्यांचें एक चक्र. बटण दाबलें कीं चक्र एक थांबा पुढें जाई व सुकाणूं उजवीकडे वळे. बटण सोडलें कीं तें मध्यावर येई. पुन्हां दाबलें कीं डावीकडे. सोडलें कीं मध्यावर. म्हणजे डावीकडे वळावयाचें असेल तर मागच्या खेपेस कोणीकडे वळलों होतों हें आधीं आठवावें लागे. तें विसरलें तर एक आज्ञा फुकट दवडून क्रम जुळवून घ्यावा लागे, आणि तोंवर विमान थांबत नसे. वर चढणें, खालीं येणें, इंजिनाचा वेग, यांवर कांहींच ताबा नसे. आजच्या भाषेंत बोलावयाचें तर विमानाची सारी नोंदवही उडविणाऱ्याच्या डोक्यांत असे.

अशा अल्प ताब्यावर विमानें उडत कशीं, असा प्रश्न वाचकांस पडेल. त्याचें उत्तर असें कीं, ताबा नसतांही सरळ उडावें अशाच घाटाचीं तीं बांधलेलीं असत. त्यांचे पंख टोकांकडे वर उचललेले असत. त्यामुळें वाऱ्यानें कललेलें विमान आपण होऊन सरळ होई. लहरी बंद पडल्या तर सुकाणूं मध्यावर येई आणि विमान तेल संपेपर्यंत आपल्या वाटेनें उडत राही, मग हळूंहळूं खालीं उतरे. कित्येक विमानें अशीं डोळ्यांआड होऊन कायमचीं गेलीं. तथापि धन्याच्या आज्ञेवांचूनही बरें वागण्याची बुद्धि त्यांच्या लाकडांतच घालून ठेविलेली होती, ही गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे.

ट्रान्झिस्टर आला, ओझें कमी झालें, आणि एका बटणावर कोणाचें समाधान होईना. १९५० नंतरच्या दशकांत ‘रीड’ची पद्धति प्रचारांत आली. ती समजावयास आपल्या घरांतली बाजाची पेटी पुरेशी आहे. पेटींतली प्रत्येक पोलादी किंवा पितळी जीभ आपापल्या सुरालाच कांपते. विमानांतही अशा लहान लहान पोलादी जिभांची एक ओळ बसवीत. खालून विवक्षित सूर लहरींबरोबर पाठविला कीं तेवढी एकच जीभ थरथरे, तिचा स्पर्श विजेच्या टोंकाला होई, आणि तिच्या वांट्याची मोटार फिरे. एका सुकाणूंस दोन सूर लागत, एक या बाजूस व एक त्या बाजूस. म्हणून दहा जिभांवर पांच अवयवांचा ताबा मिळे. यांत एक मोठें वैगुण्य असें होतें कीं, सुकाणूं फिरे तें पुरतें फिरे. थोडेंसें फिरविण्याची सोय नव्हती. कुशल उडविणारे मग कळ टकटक अशी क्षणोक्षणीं दाबून तिचा परिणाम पातळ करीत. वाजविणाऱ्याचा हात जितका हलका तितकें विमान डौलदार.

‘कांडी जितकी लोटावी तितकेंच सुकाणूं वळावें’ हें साधें स्वप्न १९६० नंतरच्या दशकांत खरें झालें. कॅलिफोर्नियांतील डग स्प्रेंग व डॉन मॅथेस यांच्या खटपटीस त्याचें मोठें श्रेय दिलें जातें. त्यांची युक्ति अशी, कीं आज्ञा सुराच्या उंचीनें न देतां ठोक्याच्या लांबीनें द्यावयाची. ठोका दीड सहस्रांश सेकंद टिकला तर सुकाणूं मध्यावर. एक सहस्रांश टिकला तर एका टोंकाला. दोन सहस्रांश टिकला तर दुसऱ्या टोंकाला. प्रत्येक अवयवासाठीं एक, असे ठोके ओळीनें पाठवावयाचे, आणि ही ओळ सेकंदाला सुमारें पन्नास वेळां पुन्हां म्हणावयाची. विमानांतली सर्व्हो नांवाची लहान मोटार ठोक्याची लांबी मोजते, आपण स्वतः कोठें आहों तें ताडून पाहते, आणि दोहोंतलें अंतर नाहींसें होईपर्यंत फिरते. साठ वर्षें उलटून गेलीं तरी सर्व्होची ही बोली मुख्यत्वें तीच राहिली आहे. माणसाच्या बोटाची सूक्ष्म हालचाल प्रथमच जशीच्या तशी आकाशांत पोंचूं लागली, आणि उसनें मन खऱ्या अर्थानें पुरतें उसनें मिळालें.

येथें इतिहास संपावयास हरकत नव्हती. परंतु हाताला जे सुख मिळालें त्यानें मनुष्याची हांव वाढली, आणि हांवेबरोबर एक नवी अडचण आली. शेपूट नसलेल्या त्रिकोणी पंखाच्या विमानाचें उदाहरण घेऊं. त्याला मागच्या कडेवर दोनच पट्ट्या असतात. वर चढावयाचें तर दोन्ही पट्ट्या वर गेल्या पाहिजेत. उजवीकडे कलावयाचें तर उजवी वर व डावी खालीं. आणि चढतां चढतां कलावयाचें असेल तर एकीला दोन्ही आज्ञांची बेरीज व दुसरीला वजाबाकी मिळाली पाहिजे. ही बेरीज-वजाबाकी बोटांनीं होणें नाहीं. प्रथम लोकांनीं ती लाकूडकामानें साधली. एक सर्व्हो घसरत्या फळीवर बसवावी आणि दुसरीनें ती फळीच मागेंपुढें सरकवावी, अशी ती योजना होती. पुढें तेंच काम विजेच्या मंडलांनीं होऊं लागलें, आणि त्यास ‘मिक्सिंग’, म्हणजे मिश्रण, हें नांव रूढ झालें.

हेलिकॉप्टरानें तर मिश्रणावांचून गतिच ठेविली नाहीं. जर्मनीच्या डीटर श्ल्यूटर यानें १९७० च्या सुमारास लहान हेलिकॉप्टर ताब्यांत राहून उडूं शकतें हें सिद्ध केलें. त्यांत वरच्या पात्यांचा कल वाढविला कीं इंजिनावर भार येतो, म्हणून इंजिनाला तेल अधिक द्यावें लागतें. इंजिनाचा जोर वाढला कीं धड उलट दिशेस फिरूं पाहतें, म्हणून शेपटीच्या पात्यांचाही कल त्याच क्षणीं बदलावा लागतो. एका इच्छेसाठीं तीन अवयवांनीं एकदम आणि योग्य प्रमाणांत हललें पाहिजे. हें प्रमाण कोणी तरी आधींच ठरवून ठेविलें पाहिजे, कारण उडतांना तें ठरविण्यास फुरसत नसते.

१९८० नंतरच्या दशकांत जपानी व जर्मन कारखान्यांनीं ट्रान्समीटरच्या पोटांत संगणकाचा मेंदू घातला, तो याच गरजेपोटीं. पेटीवर आंकडे दाखविणारी कांचेची पट्टी आली. एकाच पेटींत अनेक विमानांच्या नोंदी राहूं लागल्या. पट्टीची दिशा उलटविणें, तिच्या हालचालीची मर्यादा बांधणें, मध्याजवळ कांडी मऊ व टोंकाशीं तिखट करणें, हीं कामें पूर्वीं पेंचकसानें व भोकें बदलून होत, तीं आतां आंकडे लिहून होऊं लागलीं. मग २०१० च्या सुमारास आणखी एक लक्षणीय गोष्ट घडली. एका स्वस्त चिनी पेटींतला मूळ कार्यक्रम काढून टाकून हौशी लोकांनीं स्वतः लिहिलेला कार्यक्रम तींत घातला, आणि तो सर्वांस फुकट व खुला करून दिला. त्याच परंपरेंतून पुढें ‘ओपनटीएक्स’ व २०२० नंतर ‘एजटीएक्स’ हे कार्यक्रम निघाले. पूर्वीं कारखानदार जेवढीं मिश्रणें पुरवी तेवढ्यांवरच भागवावें लागे. आतां कोरी पाटीच हातीं आली.

दरम्यान सूत्रांची भानगडही मिटली. जुन्या पद्धतींत प्रत्येक पेटीची एक ठराविक लहर असे. एकाच लहरीवर दोन पेट्या सुरू झाल्या कीं दोन सूत्रधारांनीं एकाच बाहुलीचे दोरे ओढावे तसें होऊन विमान पडे. म्हणून मैदानावर एक फळा असे, त्यावर लहरींच्या आंकड्यांचे चिमटे टांगलेले असत, आणि ज्याच्या हातीं चिमटा त्यानेंच पेटी सुरू करावी असा कडक नियम असे. २००५ च्या सुमारास २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांतल्या पेट्या आल्या. त्यांतल्या कित्येक एका लहरीवर न राहतां ठरल्या क्रमानें क्षणोक्षणीं लहर बदलतात, आणि दुसऱ्या टोंकाचा ग्राहक तोच क्रम पाळतो. या तत्त्वाचें एक गाजलेलें पेटंट ११ ऑगस्ट १९४२ चें असून तें हेडी लामार ही चित्रपटनटी व जॉर्ज अँथाइल हा संगीतकार यांच्या नांवावर आहे. बिनतारी पाणतीरास शत्रूनें भुलवूं नये, हा त्यांचा हेतु. आणि आपोआप वाजणाऱ्या पियानोच्या भोकें पाडलेल्या कागदासारखी गुंडाळी दोन्हीकडे फिरवून, पियानोच्या पट्ट्यांइतक्याच, म्हणजे ८८ लहरींवर उड्या मारावयाच्या, ही त्यांची युक्ति. आरमारानें ती त्या वेळीं वापरली नाहीं. पण आज चिमट्यांचे फळे बहुतेक मैदानांवरून गेले आहेत, त्यामागचें तत्त्व तेंच आहे.

असा हा सूत्रांचा इतिहास. आतां या कोऱ्या पाटीवर लिहावयास शिकणें म्हणजे काय, तें पाहूं. कारण याच ठिकाणीं आमच्या भाच्याचें घोडें पेंड खात होतें, आणि त्याच्याबरोबर बसून आम्हांसही तें शिकावें लागलें. आज्ञेचा प्रवास तीन मुक्कामांचा असतो. पहिल्या मुक्कामावर कांडी किंवा कळ काय म्हणते तें घेतात, आणि तेथेंच ती मऊ किंवा तिखट करतात. दुसऱ्यावर मिश्रण होतें. तिसऱ्यावर त्या विशिष्ट विमानाच्या विशिष्ट सर्व्होची दिशा, मध्य व मर्यादा हीं ठरतात. नवशिक्याचा घोटाळा होतो तो तिसऱ्याचें काम दुसऱ्यावर केल्यानें. सर्व्हो उलट फिरते म्हणून मिश्रणांतलें चिन्ह बदललें कीं पुढचें प्रत्येक मिश्रण उलटेंसुलटें होत जातें.

मिश्रणाची ओळ लिहिणें दिसतें तितकें अवघड नाहीं. प्रत्येक ओळींत आज्ञा कोठून यावयाची, किती प्रमाणांत यावयाची, आणि कोणत्या कळीच्या कोणत्या स्थितींत ती लागू व्हावयाची, एवढेंच असतें. वर सांगितलेल्या त्रिकोणी विमानाचें सर्व मर्म दोन ओळींत मावतें. एका पट्टीला चढण्याची आज्ञा ५० टक्के अधिक कलण्याची ५० टक्के. दुसरीला चढण्याची ५० टक्के उणे कलण्याची ५० टक्के. ५०-५० कां, तर दोन्ही कांड्या एकदम टोंकाला नेल्या तरी बेरीज शंभराच्या पलीकडे जाऊं नये. ज्या घसरत्या फळीसाठीं जुन्या कारागिरांनीं रात्री घालविल्या ती फळी या दोन ओळींत आहे. आमच्या भाच्याला हें ज्या संध्याकाळीं उमगलें त्या संध्याकाळीं त्याच्या तोंडावर जो आनंद दिसला तो मॅट्रिकच्या निकालाच्या वेळींही दिसला नव्हता.

परंतु या सर्व विद्येंत सर्वांत लहान व सर्वांत गंभीर असें एक पान आहे. त्यास ‘फेलसेफ’ म्हणतात. लहरी तुटल्या, पेटी बंद पडली, विमान फार दूर गेलें, तर ग्राहकानें सर्व्होंना काय सांगावें, तें या पानावर लिहावयाचें असतें. शेवटची आज्ञा तशीच धरून ठेव, असें सांगतां येतें. किंवा अमुक स्थितींत जा, असेंही सांगतां येतें. ज्यानें हें पान विचार न करितां सोडून दिलें त्याचें विमान, इंजिन पुऱ्या जोरावर असतांना सूत्र तुटलें तर, त्याच जोरानें जिकडे तोंड असेल तिकडे जाऊं शकतें. म्हणून जाणते लोक इंजिन बंद पडावें अशीच नोंद करतात, आणि नुसत्या नोंदीवर विश्वास न ठेवतां, पंखा काढून ठेवून, विमान जमिनीवर धरून, पेटी मुद्दाम बंद करून पाहतात. जुन्या गफच्या काळीं ही बुद्धि पंखांच्या घाटांत असे. आतांचीं चपळ विमानें आपण होऊन सरळ होण्यासारखीं क्वचितच असतात, म्हणून ती आंकड्यांत लिहावी लागते. दोन्ही वेळीं ती घालावी लागते जमिनीवरच.

या पूर्वविचाराचा पराक्रम पाहावयाचा असेल तर मेनार्ड हिल यांची गोष्ट वाचावी. ७७ वर्षांच्या या अमेरिकन गृहस्थांची दृष्टि जवळजवळ गेलेली होती व कानांनींही ऐकूं येत नसे. त्यांनीं बाल्सा लाकडाचें, तेलासह पांच किलोंहून कमी वजनाचें एक विमान बनविलें. आधींचीं विमानें समुद्रांत गडप झालीं होतीं. ९ ऑगस्ट २००३ रोजीं न्यूफाउंडलंडच्या केप स्पिअर येथून हें पांचवें विमान निघालें, आणि ३८ तास ५२ मिनिटांनीं, ३,००० किलोमीटरांवर अटलांटिक ओलांडून, आयर्लंडच्या किनाऱ्यावर उतरलें. निघतांना व उतरतांना तेवढी पेटीची सूत्रें होतीं. मधल्या सर्व वाटेंत कोणाचाही हात त्याच्यावर नव्हता. वाटेंत लागणारें सर्व मन त्यास आधींच देऊन ठेविलेलें होतें. टेस्लाचें भाकित पुरतें खरें झालें असें आम्ही म्हणणार नाहीं. पण उसनें मन आगाऊ देतां येतें, एवढें त्या म्हाताऱ्यानें दाखवून दिलें.

आपल्या देशांत राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेंत लहान विमानें करण्याचें शिक्षण बरींच वर्षें दिलें जात आलें आहे, आणि २०२१ सालीं केंद्र सरकारनें जे नियम प्रसिद्ध केले त्यांत आकाशाचे हिरवा, पिवळा व तांबडा असे भाग पाडून कोठें उडवावें व कोठें नाहीं हें सांगितलें. नियम आवश्यक आहेत; पण कोणत्याही नियमाला पेटीच्या आंत शिरून पाहतां येत नाहीं. तेथें काय लिहिलें आहे तें लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

पुष्कळांची अशी तक्रार असते कीं, यंत्रें शहाणीं होत चाललीं म्हणून माणसाचें कसब नाहींसें होत आहे. या एका पेटीच्या इतिहासावरून आम्हांस तसें वाटत नाहीं. एका बटणाच्या काळीं ‘मागच्या खेपेस कोणीकडे वळलों’ हें आठवावें लागे. आज ‘कोणती नोंद निवडली आहे’ हें आठवावें लागतें. स्मरणाचें ओझें गेलेलें नाहीं, त्याची जागा बदलली आहे. पूर्वीं चूक बोटाची होई व ती बोटानें सांवरतां येई. आतां चूक आदल्या रात्रीं टेबलाशीं होते, आणि ती माळावर चार सेकंदांत सांवरणें हें कोणाच्याही बोटाच्या शक्तीबाहेरचें आहे. म्हणून सूत्रधाराचें काम हलकें झालेलें नसून तें पडदा वर जाण्यापूर्वींच सुरू होऊं लागलें आहे, इतकेंच.

भाच्यानें दुसरें विमान बांधलें. आतां तो उडण्यापूर्वीं पेटीवरील नांव मोठ्यानें वाचतो. मग विमानाच्या मागें उभा राहून कांडी उजवीकडे नेतो आणि उजवी पट्टी वर गेली कीं नाहीं तें डोळ्यांनीं पाहतो. यास दहा सेकंद लागतात. ती बाई अजूनही त्या माळावर शेळ्या घेऊन येते. आंत माणूस आहे काय, हें तिनें पुन्हां विचारलें नाहीं; विचारलें तर आतां काय सांगावें याचा आम्हीं बराच विचार केला आहे. आंत माणूस नाहीं हें खरेंच. पण माणसानें जें आंत ठेवावयाचें तें आज ठेवून, तपासून, मगच विमान सोडलें आहे, एवढें तिला सांगतां यावें, अशी आमची इच्छा आहे.